दुपारच्या उतारूंचे वल्हे

मित्रांनो, नदीच्या जुन्या धक्क्यावर पत्र्याची एक शेड आहे. तिच्या मागच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवे टांगलेले एक लांब लाकूड तुम्हाला दिसेल. येणारे-जाणारे त्याला बांबू समजतात. कुणी त्यावर ओला टॉवेलही वाळत घालतो. ते लाकूड म्हणजे मी. मी एक जुने वल्हे आहे. पुष्कळ वर्षे मी गप्प राहिले, पण आज माझी हकिकत तुम्हाला सांगावीशी वाटते.

मी नक्की किती जुने आहे ते मलाही ठाऊक नाही. माझे पाते कितीतरी वेळा झिजले आणि बदलले गेले. दांडाही बदलला. शेवटचा दांडा ज्या सुताराने बसवला, तो माझ्या लाकडावर पार वैतागला होता. त्याने मला उन्हात ठेवले, भट्टीजवळ ठेवले, पुन्हा पुन्हा रंधा मारून पाहिला, पण आतला ओलावा काही जाईना. हे कुठल्या झाडाचे लाकूड असावे याचा त्याला अंदाज लागला नाही. मला न्यायला माणूस आला तेव्हा सुताराने मला त्याच्या हातात दिले नाही. भिंतीला टेकवून ठेवले आणि स्वतः दुसरीकडे पाहत उभा राहिला.

तुम्ही पुराणांतल्या गोष्टी ऐकल्या असतील. मेल्यावर माणसाला एक नदी ओलांडावी लागते, असे त्यांत सांगितलेले असते. कुणी तिला वैतरणी म्हणतात, कुणी आणखी काही. त्या नदीवर एक नावाडी असतो. गोष्टी सांगणाऱ्यांनी त्याला लाल डोळे दिले, लांब दाढी दिली, कुठे कुठे सोबतीला कुत्रेही दिले. माझा सगळा जन्म त्या नावेत गेला, पण असा कुणी मला भेटला नाही. ज्याच्या हातात मी असे, तोच त्या वेळचा नावाडी. त्याला सर्दी होत असे, त्याची चप्पल तुटत असे, आणि घरी कुणीतरी त्याची जेवायला वाट पाहत असे.

माझ्या या गोष्टीतला नावाडी तरुणपणी पलीकडच्या काठावरच्या वीटभट्टीत कामाला होता. तेव्हा नाव एक म्हातारी चालवत असे. एके दिवशी त्याला कामावर जायला उशीर झाला. भर दुपारी तो धावत धक्क्यावर आला आणि सुटत असलेल्या नावेत त्याने उडी मारली. नाव माणसांनी भरलेली होती, पण कुणीच काही बोलत नव्हते. नदीच्या मध्यावर म्हातारी त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, “जरा धर रे बाळा. पाय अवघडलाय.”

त्याने मला धरले. म्हातारीने पाय लांब केला, बोटे मोडली, आणि आपल्या रिकाम्या तळव्यांकडे ती बराच वेळ पाहत बसली. नाव काठाला लागली तेव्हा ती सगळ्यांच्या आधी उतरली. आपण वीटभट्टीच्या काठाला आलेलो नाही, हे त्या तरुणाला तेव्हा कुठे दिसले. म्हातारीने मागे वळून पाहिले नाही.

तो कसाबसा परत आला. नाव बांधली आणि घरी जाऊन पांघरूण घेऊन पडला. दुसऱ्या दिवशी तो भट्टीवर विटा उचलत होता. दुपार झाली तशी त्याच्या हातातली वीट खाली पडली आणि तो नदीकडे चालू लागला. मुकादमाने हाका मारल्या. त्या त्याला ऐकू आल्या, पण पाय थांबले नाहीत. त्या दिवसापासून तो आमचा नावाडी झाला.

सकाळी आणि संध्याकाळी आमच्या नावेत तुमच्यासारखी माणसे बसत. शाळेला जाणारी मुले, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका, सायकली, कोंबड्यांचे खुराडे, एकदा तर एक आख्खे कपाट. कुणी भांडत असे, कुणी डुलक्या काढी. ते दिवस फार चांगले होते. नावाड्याचे सगळीकडे कौतुक होई. पूर आला तरी याच्या नावेत पोटातले पाणी हलत नाही, असे लोक म्हणत. मलाही ते ऐकून बरे वाटे.

दुपारी सूर्य डोक्यावर आला की दुसरे उतारू येत. धक्क्यावरची कुत्री त्याआधीच उठून निघून जात. मग ते पायऱ्या उतरू लागत. कुणाच्या अर्ध्या गालावर दाढीचा फेस असे, कुणाच्या मनगटाला दवाखान्याची पट्टी. एका बाईच्या हातात मोबाइल होता. तो सारखा उजळत होता आणि ती त्याकडे पाहत नव्हती. त्यांच्या पायांखाली पायऱ्यांवरचा पाचोळा हलत नसे. कितीही जण बसले तरी नाव बोटभरसुद्धा खाली जात नसे, आणि जागा कधी कमी पडत नसे. मी पाण्यात शिरे तेव्हा आवाज होत नसे. मध्यावर पोचल्यावर मला खाली आणखी एक पाणी लागे. ते खूप गार होते आणि उलट्या दिशेने वाहत होते.

एरवी पलीकडे वीटभट्टीचे धुराडे दिसे. दुपारच्या खेपेला ते नसे. तिथे सपाट राखाडी काठ असे, आणि बसच्या थांब्यावर उभी राहावीत तशी उभी असलेली खूप माणसे. त्यांतले कुणी हात हलवत नसे. नाव लागली की ती थोडी सरकून नव्या माणसांना जागा करून देत, एवढेच.

माझ्यापासून सुटायचा प्रयत्न नावाड्याने केला नाही असे नाही. त्याने मला नदीत फेकून दिले. दुसऱ्या दिवशी मी नावेला लागून तरंगत होते. त्याने मला शेगडीवर धरले. मी पेटले नाही. हळूहळू त्याला कळून चुकले की मला सोडायचा एकच मार्ग आहे. नदीच्या मध्यावर कुणा जिवंत माणसाच्या हातात मला द्यायचे. ते अगदी सोपे होते. सकाळच्या खेपेला शाळेतली मुले रोजच हट्ट धरत, काका, एकदा द्या ना, एकदाच. तो त्यांना कधी हसून, कधी डोळे वटारून गप्प करी. मित्रांनो, मी अनेकांच्या हातांत राहिले आहे. हाच एक असा होता, ज्याने मला दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे नाही असे ठरवले आणि ते पाळले.

त्याचे लग्न झाले, मुलगी झाली. मुलगी एका जागी म्हणून बसत नसे, त्यामुळे घरात तिचे नाव पडले भिंगरी. सुट्टीच्या दिवशी ती बापाबरोबर नावेत येई. एकदा नदीच्या मध्यावर, वल्हवता येते का पाहावे म्हणून, तिने त्याच्या हातांच्या मधून माझ्या दांड्याकडे हात नेला. त्याने तिच्या गालावर चापट मारली. त्याआधी त्याने तिला कधी मारले नव्हते आणि नंतरही मारले नाही. ती रडली नाही. काठ येईपर्यंत ती पाण्याकडे पाहत राहिली.

पुढे तिची आई आजारी पडली. ती दवाखान्यात होती आणि सगळे नातेवाईक तिच्या उशाशी जमले होते. दुपारी ती गेली तेव्हा नावाडी तिथे नव्हता, धक्क्यावर होता. भिंगरीने ते मनात धरून ठेवले. आणखीही एक गोष्ट तिने धरून ठेवली. त्याच संध्याकाळी, घर माणसांनी भरलेले असताना, तिचा बाप तिचे शाळेचे दप्तर घेऊन बाजारात गेला आणि त्याची चेन दुरुस्त करून आला. तिच्या मावशीने ते पाहून तोंडाला पदर लावला होता. या माणसाला काळीजच नाही, असे तेव्हा सगळ्यांना वाटले.

त्या दुपारी खरे काय झाले ते मला माहीत होते. पण वल्ह्याला कोण विचारतो?

मग नदीवर पूल झाला. फीत कापली, बँड वाजला. सकाळ-संध्याकाळचे आमचे लोक महिन्याभरात पांगले. काही दिवस फोटो काढणारे येत. कुठल्याशा वर्तमानपत्रात ‘शेवटचा नावाडी’ म्हणून माझ्यासकट त्याचे छायाचित्रही आले. पुढे तेही येईनासे झाले. नावेला शेवाळ धरले. पुलाच्या साहेबांनी चांगुलपणाने नावाड्याला पहारेकऱ्याची नोकरी दिली. ती त्याने एकच दिवस केली. दुपारी त्याची खुर्ची रिकामी होती आणि शिट्टी खुर्चीवर ठेवलेली होती.

भिंगरी मोठी झाली आणि बस चालवू लागली. तिची बस त्याच पुलावरून जाई. डेपोत सगळे तिला मॅडम म्हणत. तिच्याबरोबरचा कंडक्टर सतत बडबड करणारा होता. गाडी सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत त्याचे तोंड चाले, असे ती हसून सांगे. तिसऱ्या मजल्यावर तिने दोन खोल्यांचे घर घेतले आणि बापाला तिथे यायचा आग्रह धरला. तो टाळत राहिला. शेवटी एकदा तो धक्क्याच्या पायऱ्यांवरून पडला, तेव्हा तिने त्याचे काही न ऐकता त्याला नेले.

पण रोज दुपारी तो तिथून निघे. पायात काही न घालता, रस्ता ओलांडताना इकडेतिकडे न पाहता, सरळ नदीवर येई आणि खेप करून परत जाई. शेजाऱ्यांनी भिंगरीला सांगितले की तुमचे वडील सोफ्यावर बसल्या बसल्या हवेत वल्ही मारतात. तिने त्याला डॉक्टरांकडे नेले. म्हातारपणी असे होते, असे डॉक्टर म्हणाले, आणि दाराला कुलूप लावत जा असा सल्ला त्यांनी दिला. कुलूप लावू नकोस, लोक खोळंबतील, असे तो तिला सांगत होता. तिने विचारले, कुठले लोक, नाव बंद होऊन किती वर्षे झाली. दुसऱ्या दिवशी त्याचे जेवण झाकून ठेवून, डोळे पुसत, तिने बाहेरून कुलूप लावले आणि ती ड्युटीवर गेली.

त्या दुपारी मी शेडमध्ये भिंतीला टेकून होते. कुत्री उठून गेली. उतारू आले आणि नावेजवळ उभे राहिले. नावाडी आला नाही. ऊन जरा कलले. तेव्हा त्यांच्यातल्या एकाने पाठ फिरवली आणि तो पायऱ्या चढू लागला. त्याच्यामागे दुसरा, मग सगळे. माझ्या आठवणीत असे कधीच झाले नव्हते. ते घरी निघाले होते.

पुढचे सगळे मला नंतर बापलेकीच्या बोलण्यातून कळले. त्या दुपारी शहरात कुठे बंद खोलीत पंखा सुरू झाला. कुठे जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची मागे सरकली आणि तशीच राहिली. एका बाईला तिच्या भावाच्या नंबरवरून फोन आला. भाऊ सकाळी वारला होता. फोनमध्ये फक्त पाणी ऐकू येत होते.

पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर भिंगरीच्या बसमध्ये बरीच माणसे चढली. बस इतकी भरली की उभे राहायला जागा उरली नाही, आणि तरी ती रिकाम्या गाडीसारखी हलकी पळत होती. स्टिअरिंगला ते तिच्या हातांना लगेच जाणवले. कंडक्टर तिकिटे काढायला मागे गेला आणि लगेच परत आला. तो तिच्या सीटच्या मागे उभा राहिला. त्याची बडबड थांबली होती. थोड्या वेळाने तो एवढेच म्हणाला, “मॅडम, मशीनमधून कोरं तिकीट येतंय. सगळ्यांचंच.”

तिने आरशात पाहिले. सगळ्या माना नदीच्या बाजूला वळल्या होत्या. पुढच्या सीटवर डेपोतला म्हातारा मेकॅनिक बसला होता. इंजिनाचा आवाज ऐकताना तो नेहमी मान तिरकी करी, तशीच त्याने आत्ताही केली होती. तो गेल्याची बातमी सकाळी आली होती, आणि डेपोतल्या सगळ्यांबरोबर तीही त्याच्यासाठी दोन मिनिटे उभी राहिली होती.

तिने पूल चढायच्या आधीच बस थांबवली. तिला बापाचे बोलणे आठवले. तिने कंडक्टरला खाली उतरून चहा घ्यायला सांगितले. तो लगेच उतरला. मग तिने बस मार्गावरून बाहेर काढली आणि थेट घराखाली नेली. तिसऱ्या मजल्यावर जाऊन कुलूप उघडले तर बाप दारामागेच उभा होता. आज त्याने चपला घातल्या होत्या. तो तिच्यावर रागावला नाही. कितीजण आहेत, असे त्याने विचारले. बसभर, असे तिने सांगितले.

धक्क्याकडे येताना रस्त्यात ठिकठिकाणी माणसे दारांतून बाहेर येऊन कडेला उभी होती. कुणी हात दाखवत नव्हते. तिने प्रत्येकासाठी बस थांबवली.

मला उचलताना नावाड्याला त्या दिवशी फार कष्ट पडले. तू इथेच थांब असे तो लेकीला सांगत होता, पण ती त्याचे काही एक न ऐकता नावेत त्याच्यासमोर बसली. आम्ही निघालो. मध्यावर आलो, आणि मला खालचे गार पाणी लागले. त्याच वेळी त्याच्या उजव्या खांद्यातून काहीतरी निसटल्यासारखे झाले. मी त्याच्या मुठीतून मनगटापर्यंत घसरले. नाव जागच्या जागी फिरू लागली. भिंगरीने मला धरायला हात पुढे केला.

“हात लावू नकोस,” तो म्हणाला.

तिने हात मागे घेतला. मग लहानपणापासून साठलेले सगळे ती बोलली, शांतपणे, एकेक वाक्य करून. यापायी तिला मारले होते. यापायी आई गेली तेव्हा तो आला नव्हता. आणि त्याच संध्याकाळी तो दप्तराची चेन दुरुस्त करत बसला होता. या लाकडात असे आहे तरी काय, असे तिने त्याला विचारले.

नावाड्याने मला दोन्ही हातांनी छातीशी धरले होते. “तुझ्या आईला मीच पार नेलं,” तो म्हणाला. “तू बसलीयस ना, तिथेच बसली होती. वाटेत एवढंच बोलली. भिंगरीच्या दप्तराची चेन बिघडलीय, ती नीट करून घे.”

मित्रांनो, ते खरे होते. मी तिथे होते. ती त्याच्याकडे ओळखीने पाहत होती की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. दुपारचे उतारू फारसे बोलत नाहीत. जे बोलतात ते घरातले काही अर्धवट राहिलेले असते. ती एवढे बोलली, तो ‘हो’ म्हणाला, आणि त्याने वल्हवणे थांबवले नाही.

नाव फिरतच होती. मग त्याने तिला बाकीचेही सांगितले. या वल्ह्याला इथे जो हात लावील त्याला ते पुढे सोडता येत नाही. खाली ठेवून द्यावे तर नाव मागे फिरेल, आणि ही माणसे घरी जातील. आज काय झाले ते तिने पाहिलेच होते. त्याच्या हातांत आता जोर राहिलेला नव्हता, आणि समोर त्याची मुलगी बसलेली होती. तो का घाबरला होता ते तिला समजले.

मग तिने एक साधा प्रश्न विचारला. या लोकांना कधी विचारले होते का?

काय विचारायचे, ते त्याच्या लक्षात येईना.

“आमची बस बंद पडली की आम्ही उतारूंना खाली उतरून ढकलायला सांगतो,” ती म्हणाली. “तुम्ही यांना एकदा तरी म्हणालात का, हात लावा म्हणून?”

त्याने नकारार्थी मान हलवली. त्याच्या आधीच्या म्हातारीने विचारले नव्हते, तिच्या आधीच्यानेही नाही. पुराणांतल्या एकाही गोष्टीत कुणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

भिंगरी उभी राहिली. नाव डुगडुगली. तिने उतारूंकडे तोंड केले आणि रोज बसमध्ये बोलते त्याच आवाजात म्हणाली, “मंडळी, नाव बंद पडलीय. सगळ्यांनी जरा हात लावायचाय.”

बराच वेळ कुणीच हलले नाही. त्यांचे चेहरे जसेच्या तसे होते. मग म्हाताऱ्या मेकॅनिकने एक सुस्कारा सोडला. बिघडलेल्या गाडीखाली शिरण्याआधी तो तसाच सुस्कारा सोडत असे, असे भिंगरीने नंतर सांगितले. त्याने शर्टाची बाही नीट घड्या घालून वर केली, वाकून हात पाण्यात घातला आणि पाणी मागे लोटले. त्याच्या शेजारच्या बाईने त्याच्याकडे पाहिले आणि तिनेही हात घातला. मग फेस लावलेल्या माणसाने. मग सगळ्यांनी. दुपारच्या खेपेला पाण्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

नाव फिरायची थांबली. ती पुढे जाऊ लागली, आणि मी पाण्यात नव्हते.

नावाडी हे पाहत होता. त्याच्या मुठी माझ्याभोवती इतकी वर्षे वळलेल्या होत्या की त्या उघडायला त्याला वेळ लागला. त्याने एकेक बोट सोडवले. भिंगरीने आपले हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते, चुकूनही पुढे जाऊ नयेत म्हणून. मी नावेच्या तळाशी पडले. मला कुणी उचलले नाही.

राखाडी काठ आला. उतारू उतरले. मेकॅनिकने उतरताना नावेच्या कडेवर दोनदा थोपटले. काठावरची माणसे सरकली आणि त्यांनी जागा करून दिली. भिंगरी त्या उभ्या चेहऱ्यांमध्ये शोधत राहिली. नावाड्याने तिला शोधू दिले. खूप वेळाने तो तिला हळूच म्हणाला की ड्युटी संपलेली नाही ना तुझी.

परतताना तिने बसायची फळी उपटली आणि त्या फळीनेच वल्हवायला सुरुवात केली. बस चालवणारी ती, नाव गरगर फिरू लागली. बाप तिला कुठल्या बाजूने मारायचे ते सांगत होता, आणि सांगता सांगता हसत होता. त्याच्या हाताला मी लागत नव्हते. हळूहळू वीटभट्टीचे धुराडे दिसू लागले.

बस मार्गाबाहेर नेल्याबद्दल डेपोने तिच्याकडे खुलासा मागितला. ब्रेक तपासायला नेली होती, असे कंडक्टरने साहेबांना सांगितले. मी स्वतः गाडीत होतो, असेही त्याने ठोकून दिले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी भिंगरीने डेपोतून बंद गाड्या ओढायचा जाड दोर आणला. तिने आणि कंडक्टरने तो आमच्या धक्क्यापासून पलीकडे बंद पडलेल्या भट्टीच्या धुराड्यापर्यंत बांधला. दुपारी तो दोर कुठे जातो ते मी तुम्हाला सांगितलेच आहे. आता उतारू येतात, नावेत बसतात आणि स्वतःच दोर ओढत पार जातात. ज्याच्यात जोर नसतो त्याच्या वाटचे शेजारचा ओढतो. ते उतरले की रिकामी नाव आपोआप मागे फिरून धक्क्याला लागते. मला तिने शेडच्या भिंतीवर टांगले. टांगतानाही तिने हाताला जाड कापड गुंडाळले होते.

नावाडी तिच्या घरी राहिला. पहिल्या दुपारी तो सोफ्यावर बसला तेव्हा त्याचे हात मांडीवर शांत पडून होते. तो त्यांच्याकडे एकटक पाहत राहिला आणि पाहता पाहता त्याला झोप लागली. नंतरची काही वर्षे त्याने फार आनंदात काढली. भाजी चिरायचा, शेजाऱ्यांशी वाद घालायचा, आणि लेकीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून उगाच पुलावरून इकडून तिकडे जायचा.

एका सकाळी तो गेला. भिंगरी त्याच्याजवळ होती. घरात माणसे जमली, आणि दुपार व्हायच्या सुमाराला ती कुणाला काही न सांगता बाहेर पडून धक्क्यावर आली. मावशी तिला काय म्हणाली असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. कुत्री उठून गेली. तो पायऱ्या उतरत आला. केस ओले करून विंचरलेले होते आणि शर्टाचे एक बटण चुकीच्या काजात होते. ती दोराच्या खांबाजवळ उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिले.

“जेवून घे,” तो म्हणाला. “तुला उशीर होतो नेहमी.”

ती ‘हो’ म्हणाली. तो नावेत बसला, फळीला पाय टेकून मागे रेलला आणि दोर ओढू लागला. बाकीच्यांनी त्याचे पाहून तसेच पाय टेकले. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही, आणि त्याचे मला बरेच वाटले. नाव दिसेनाशी झाली तरी दोर बराच वेळ हलत होता.

मित्रांनो, वापरात नसलेल्या लाकडाला भेगा पडतात. मलाही पडू लागल्या आहेत. कधी इकडे आलात तर कापडाच्या बोळ्याने थोडे तेल माझ्यावर फिरवा. दोरही पाहा. कुठे झिजला असेल तर पुलावरून बस नेणाऱ्या त्या बाईंना सांगा. त्या सुट्टीच्या दिवशी येऊन गाठ मारतात. तुमच्या घरातही कुणीतरी एकटेच काहीतरी ओढत असेल. ते आपणहून सांगत नाही, म्हणून तुम्ही विचारा. एवढे केलेत तरी पुष्कळ झाले. फक्त मला या खिळ्यांवरून खाली काढू नका. माझे बाकीचे लाकूड केव्हाच गार पडले आहे. मूठ मात्र अजून कोमट आहे.